सात सामन्यांत नेमकं काय मोजलं जातं? एनबीए प्लेऑफ आणि चाहत्यांची न मिटणारी भांडणं

७३ सामने जिंकून फक्त ९ हरणारा संघ मोठा, की ५७ जिंकून २५ हरणारा? कागदावर या प्रश्नात काही दमच नाही. पण २०१६च्या जूनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, करंडक उचलला तो ५७वाल्यांनी, आणि तेव्हा जुंपलेलं भांडण अजून चालूच आहे. गोल्डन स्टेट वॉरियर्सचे चाहते सांगतात, अंतिम मालिकेत आम्ही ३-१ असे पुढे होतो, तेवढ्यात ड्रेमंड ग्रीनवर एका सामन्याची बंदी आली, सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच गडी) अँड्र्यू बोगट जायबंदी झाला, आणि स्टेफ करी तर दुखावलेल्या गुडघ्यानिशीच खेळत होता. क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सवाले लगेच आदल्या वर्षाचा हिशेब काढतात. २०१५ला आमचे कायरी आयर्व्हिंग आणि केव्हिन लव्ह दोघंही दुखापतीने गारद झाले होते, तेव्हा तुम्ही करंडक नेलातच की. त्या वेळी नाही कुणाला गुडघे आठवले.

दोन्ही बाजू खरं बोलताहेत, म्हणून तर भांडण मिटत नाही.

आपल्याकडे अंतिम मालिकेचा सामना बहुधा सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतो आणि ऑफिसला जाताना लोकलमध्ये, मोबाइलवर संपतो. नव्या प्रेक्षकाच्या वाट्याला येतात शेवटची दोन मिनिटं आणि मग दिवसभराची वादावादी. अमका चोकर आहे, तमक्यांचा करंडक फुकटचा, रेफरींनी जिंकून दिलं, आणि शेवटी हुकमी एक्का म्हणजे ‘त्याच्याकडे अंगठ्या किती?’ (एनबीएत विजेत्या संघातल्या प्रत्येकाला अंगठी मिळते, म्हणून अजिंक्यपदं अंगठ्यांत मोजायची.) माझं मत विचाराल तर यातली निम्मी भांडणं ‘श्रेष्ठ कोण’ असा प्रश्न धरून घातली जातात, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. ८२ सामन्यांच्या साखळीत संघाची ताकद दिसते. प्लेऑफमध्ये दिसते ती त्याची उणीव, आणि ती किती दिवस झाकता येते ते. हे डोक्यात ठेवून पाहिलं की बरेच ‘धक्कादायक’ निकाल फारसे धक्कादायक वाटत नाहीत.

आधी रचना, थोडक्यात. लीगमध्ये ३० संघ, पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांत १५-१५. प्रत्येक विभागातले पहिले सहा थेट प्लेऑफमध्ये जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाचे चार संघ ‘प्ले-इन’ खेळतात, आणि आयपीएल बघणाऱ्याला ते वेगळं समजवायची गरज नाही, क्वालिफायर-एलिमिनेटरचंच गणित आहे. सातवा-आठवा भिडतात, जिंकणारा आत. नववा-दहावा भिडतात, हरणारा घरी. मग पहिल्यातला हरलेला आणि दुसऱ्यातला जिंकलेला उरलेल्या एका जागेसाठी खेळतात. आयपीएलशी साम्य इथे संपतं. पुढे पहिला विरुद्ध आठवा, दुसरा विरुद्ध सातवा अशा जोड्या लागतात आणि प्रत्येक जोडी एकमेकांशी सात सामन्यांपर्यंत खेळते. आधी चार जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या, म्हणजे करंडकासाठी १६ विजय. साखळीत वरचढ ठरलेल्या संघाला पहिले दोन सामने घरच्या कोर्टवर मिळतात, पुढचे दोन बाहेर, आणि तिथून एक घरी, एक बाहेर, एक घरी.

सात सामने कशासाठी?

एका सामन्यात काहीही होऊ शकतं, हे क्रिकेटवाल्यांना सांगायला नको. समजा एक संघ दुसऱ्याहून थोडा सरस आहे आणि कुठल्याही एका सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. एकच सामना खेळवला तर दहातल्या चार वेळा कमकुवत संघ पुढे जाणार. तीन सामन्यांची मालिका केली तर सरस संघाची शक्यता ६५ टक्क्यांच्या जवळ जाते, सातची केली तर ७१. फरक मोठा असेल, म्हणजे एका सामन्यातच ७० टक्के शक्यता असेल, तर सात सामन्यांत ती ८७वर पोचते. मालिका जितकी लांब, तितकी नशिबाला जागा कमी. पहिली फेरी २००२पर्यंत पाच सामन्यांची होती, २००३पासून तीही सातची झाली. मोठ्या संघांच्या चाहत्यांना त्यामुळे हायसं वाटलं असणार, छोट्यांच्या नाही.

आता खरी गंमत. ७१ टक्के ही शक्यता एका मालिकेची. करंडकाला चार मालिका लागतात. ०.७१ला चार वेळा गुणलं की उत्तर येतं साधारण २५ टक्के. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक संघापेक्षा सरस असलेला संघसुद्धा सरासरीने चारातली तीन वर्षं हात हलवत घरी जाणार. ‘एवढा तगडा संघ, तरी जिंकत नाही, म्हणजे काहीतरी खोट आहेच’ असं कुणी छातीठोकपणे बोलायला लागलं की मला हा पंचवीसचा आकडा आठवतो.

पण या गणितात एक लबाडी आहे. पहिल्या सामन्यातले ६० टक्के सातव्या सामन्यातही ६०च राहतील, असं त्यात धरलंय. नाणं सात वेळा उडवलं तरी ते काही शिकत नाही. प्रशिक्षक शिकतात.

कच्चं लिंबू

साखळीत आज डेन्व्हर, उद्या विमानाने युटा, परवा आणखी कुठे, असं चाललेलं असतं. समोरच्या संघाचा अभ्यास करायला वेळ मिळतो तो जेमतेम. प्लेऑफमध्ये दोन आठवडे तोच एक संघ समोर, सामने सहसा लागोपाठच्या दिवशी नाहीत, आणि मधल्या वेळेत प्रशिक्षकांची फौज व्हिडिओ घेऊन बसलेली. साखळीत नऊ-दहा खेळाडू आलटून-पालटून खेळतात, इथे ती संख्या सात-आठवर येते आणि मुख्य खेळाडू ४८ मिनिटांपैकी ४० किंवा त्याहूनही जास्त मैदानावर राहतात. चांगल्या खेळाडूंना जास्त वेळ मिळतो हे खरं, पण लपायला जागाही राहत नाही.

लहानपणी आपल्या खेळांत एक कच्चं लिंबू असायचं. त्याच्यावर राज्य यायचं नाही, सगळे सांभाळून घ्यायचे. प्लेऑफमध्ये नेमकं उलटं. समोरच्या पाचांतलं कच्चं लिंबू कोण हे पहिल्या-दुसऱ्या सामन्यात हेरायचं आणि मग उरलेली मालिका राज्य त्याच्यावरच ठेवायचं.

ते करतात कसं? तुमच्यावर कोणी पहारा ठेवायचा हे समोरचा संघ ठरवतो. ते बदलायचं हत्यार म्हणजे स्क्रीन. तुमचा सहकारी येऊन तुमच्या पहारेकऱ्याच्या वाटेत ठिय्या देतो. पहारेकरी अडकला की त्या सहकाऱ्यामागे आलेला बचावपटू तुमच्यावर येतो. याला स्विच म्हणतात. म्हणजे स्क्रीन लावायला कोणाला बोलवायचं हे ठरवलं की आपल्यासमोर कोण येणार हेही जवळपास आपणच ठरवलं.

२०१६चा तो सातवा सामना पुन्हा पाहा. ८९-८९ अशी बरोबरी, साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ दोन्ही संघांना एकही गुण मिळालेला नाही. चेंडू आयर्व्हिंगकडे, पहाऱ्यावर क्ले थॉम्पसन, वॉरियर्सचा बचावातला भरवशाचा गडी. आयर्व्हिंग त्याच्याशी झुंजायच्या भानगडीत पडतच नाही. सहकारी वर येतो, स्क्रीन लागते, आणि त्याच्या मागोमाग आलेला करी आयर्व्हिंगसमोर येतो. बस्स, हवं ते मिळालं. उजव्या बाजूला दोन-चार वेळा चेंडू आपटून, थोडं मागे सरून आयर्व्हिंग थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून तीन गुणांचा फटका, मारतो. ५३ सेकंद बाकी, ९२-८९. ज्याच्या डोक्यावरून तो चेंडू गेला तो त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू होता, आणि तोही लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच एकमताने निवडलेला. करी बचावात वाईट आहे असं कुणी म्हणणार नाही. त्या वेळी मैदानावरच्या पाचांत त्याच्यासमोर धोका सगळ्यात कमी होता, आणि क्लीव्हलँडला तेवढंच पुरेसं होतं.

याहूनही बोलका नमुना २०२१चा. युटा जॅझ साखळीत ५२-२०, अख्ख्या लीगमध्ये पहिले. (करोनामुळे त्या मोसमात ७२च सामने होते.) त्यांचा आधार सात फुटांहून उंच फ्रेंच सेंटर रूडी गोबेर, त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू. गोबेर बास्केटखाली उभा राहिला की समोरचे आत शिरायलाच कचरायचे. त्यामुळे युटाच्या बाकीच्या बचावपटूंना एक सवय लागली. आपला गडी निसटला तरी चालेल, मागे गोबेर आहे.

दुसऱ्या फेरीत लॉस एंजेलिस क्लिपर्सनी आपला सेंटर बाकावर बसवला आणि लांबून थ्री मारू शकणारे पाच जण उतरवले. आता गोबेरने करायचं काय? त्याचा माणूस कोपऱ्यात, थ्रीच्या रेषेबाहेर उभा. त्याच्याजवळ जावं तर बास्केट उघडी पडते, बास्केट राखावी तर कोपरा मोकळा. क्लिपर्सचा गार्ड रेजी जॅक्सन युटाच्या बाहेरच्या पहारेकऱ्याला चकवून आत घुसायचा, गोबेर एक पाऊल आत यायचा, चेंडू कोपऱ्यात जायचा, आणि तिथे टेरन्स मॅन एकटाच. सहाव्या सामन्यात क्लिपर्स २५ गुणांनी मागे होते. मॅनने त्या रात्री ३९ गुण केले, क्लिपर्स १३१-११९ जिंकले आणि युटाचा खेळ खल्लास. क्लिपर्सचा सर्वांत मोठा खेळाडू कवाय लेनर्ड शेवटचे दोन सामने दुखापतीमुळे खेळलासुद्धा नव्हता!

दुसऱ्या दिवसापासून गोबेर ‘साखळीपुरता खेळाडू’ ठरला. हे मला साफ अमान्य आहे. चित्रफीत थांबवून पाहिली तर चूक सुरू होते बाहेर, जिथे जॅक्सनला कुणी अडवत नाही. गोबेर ती झाकायला धावतो आणि कॅमेऱ्यात तोच सापडतो. साखळीत त्याने सहकाऱ्यांची उणीव शेकडो वेळा झाकली होती. फरक एवढाच की साखळीत त्या उणिवेवर सहा सामने सलग घाव घालत बसायला कुणाला वेळ नव्हता.

काही उणिवा मात्र खेळाडूच्या स्वतःच्याच असतात. त्याच वर्षी, त्याच फेरीत, फिलाडेल्फियाचा बेन सिमन्स. सहा फूट दहा इंच उंच, बचावात अव्वल, पण फ्री थ्रोचं वावडं. फ्री थ्रो म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा फटका, समोर कुणी नाही, घाई नाही. त्या प्लेऑफमध्ये सिमन्सचे शंभरात चौतीसच्या हिशेबाने पडले. अटलांटा हॉक्सनी मग सरळ त्याला मुद्दाम फाउल करायला सुरुवात केली. पुढे तो इतका बिचकला की सातव्या सामन्यात, साडेतीन मिनिटं बाकी आणि संघ दोनच गुणांनी मागे असताना, बास्केटखाली चेंडू हातात आणि समोर आठेक इंच बुटका ट्रे यंग अशी संधी त्याने सोडली आणि चेंडू सहकाऱ्याला दिला. डंक केला असता, म्हणजे उडी मारून चेंडू हाताने थेट बास्केटमध्ये कोंबला असता, तर फाउल होऊन फ्री थ्रो घ्यावा लागेल, ही भीती. त्यानंतर सिमन्स फिलाडेल्फियाकडून एकही सामना खेळला नाही.

चोकर कुणाला म्हणावं?

२००७ साली डॅलस मॅव्हरिक्सनी ६७ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाच्या वॉरियर्सकडून ४-२ मार खाल्ला. डॅलसचा सात फुटी जर्मन, डर्क नोविट्स्की, त्या मोसमाचा एमव्हीपी. पुरस्कार त्याच्या हातात पडला तो संघ बाहेर गेल्यानंतर, त्यामुळे समारंभ कसा झाला असेल याची कल्पना करा. ‘मऊ आहे, मोक्याच्या वेळी गळपटतो’ हा शिक्का बसला तो बसलाच.

पण वॉरियर्सचा प्रशिक्षक कोण होता? डॉन नेल्सन, ज्याने त्याआधी अनेक वर्षं डॅलसमध्ये नोविट्स्कीला घडवला होता. त्याची कुठली बाजू दुखरी आहे हे नेल्सनपेक्षा कुणाला ठाऊक असणार? त्याने उंच सेंटर न लावता स्टीफन जॅक्सनसारखे नोविट्स्कीहून बुटके, चपळ, अंगाला अंग भिडवणारे गडी सोडले आणि दुसरा माणूस सतत मदतीला ठेवला. साखळीतही त्या मोसमात वॉरियर्सनी डॅलसला प्रत्येक वेळी हरवलं होतं. म्हणजे पहिला विरुद्ध आठवा ही तुलनाच फसवी होती. डॅलस लीगमधल्या जवळपास सगळ्यांना भारी होता, आणि नेमका जो एक संघ त्याला भारी पडत होता तोच वाट्याला आला.

चार वर्षांनी, २०११ला, तोच नोविट्स्की लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश यांच्या मायामीला ४-२ हरवून करंडक घेऊन गेला. मधल्या काळात त्याने कोर्टच्या मध्यभागी, फ्री थ्रो रेषेजवळ चेंडू घेऊन खेळायची जागा पक्की केली होती. तिथे दोघांनी घेरायचं म्हटलं तर मदत कुठून येतेय ते त्याला समोर दिसतं आणि मोकळा सहकारी लगेच सापडतो. त्याने उणीव बुजवली, एवढाच या कथेचा अर्थ. आणि त्याच मालिकेत सरासरी १८ गुणांच्याही खाली राहिलेल्या लेब्रॉनला चोकरचा शिक्का मिळाला. शिक्का तोच, कपाळ बदललं.

निव्वळ नशिबाचा वाटाही असतोच. ह्यूस्टन रॉकेट्स, २०१८. वॉरियर्सविरुद्ध ३-२ ने पुढे, ख्रिस पॉल मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर. सातव्या सामन्यात मध्यंतराला ११ गुणांची आघाडी, आणि तरी त्या रात्री रॉकेट्सचे लागोपाठ २७ थ्री हुकले. एरवी त्यांचे शंभरात छत्तीसेक पडायचे. त्या हिशेबाने सलग २७ हुकणं ही लाखात एखाद्या वेळची गोष्ट. अर्थात पाय थकले, समोर बचाव कडक असला की छत्तीसचे छत्तीस राहत नाहीत, त्यामुळे सगळं नशिबावर ढकलता येणार नाही. पण ‘त्यांच्या काळजातच दम नव्हता’ हे स्पष्टीकरण मला आळशीपणाचं वाटतं.

फुली मारलेले करंडक

चाहत्यांचा सगळ्यात आवडता उद्योग म्हणजे दुसऱ्याच्या करंडकावर फुली मारणं. टोरोंटो रॅप्टर्स, २०१९? केव्हिन ड्युरँट पाचव्या सामन्यात कोसळला, थॉम्पसन सहाव्यात, नाहीतर वॉरियर्स हरतात होय! लॉस एंजेलिस लेकर्स, २०२०? करोनाच्या काळात ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये बंदिस्त खेळवलेली प्लेऑफ, म्हणून ‘मिकी माउस करंडक’. मिल्वॉकी बक्स, २०२१? ड्युरँटच्या बुटाचं टोक.

ते बुटाचं टोक जवळून पाहण्यासारखं आहे. ब्रुकलिन विरुद्ध मिल्वॉकी, सातवा सामना, जेमतेम सेकंदभर बाकी, ब्रुकलिन १०७-१०९ मागे. आता ब्रुकलिनकडून खेळणारा ड्युरँट वळतो, मागे झेपावतो, चेंडू जाळीत. सगळ्यांना वाटतं थ्री पडला, ब्रुकलिन जिंकलं. रीप्लेत दिसतं की बुटाचा पुढचा भाग रेषेवर आहे. दोनच गुण, बरोबरी, जादा वेळ, आणि मिल्वॉकी ११५-१११ जिंकतं. पुढे ५० वर्षांतला पहिला करंडकही तेच नेतात. अंतिम मालिकेच्या शेवटच्या सामन्यात यानिस अँटेटोकुन्म्पोने ५० गुण केले, आणि ज्याच्या फ्री थ्रोवर प्रेक्षक मोठ्याने सेकंद मोजून टिंगल करायचे त्याने त्या रात्री १९ पैकी १७ टाकले. आता यात फुली कुठे मारायची, बुटावर की त्या सतरांवर?

२०२०बद्दल तर मी भांडायला तयार आहे. घरचं कोर्ट नाही, घरचे प्रेक्षक नाहीत, विमानप्रवास नाही. घरच्या मैदानाचा फायदा कुणालाच मिळाला नाही असा गेल्या कित्येक वर्षांतला तो एकमेव करंडक. त्याला हलका म्हणायला मला तरी कारण सापडत नाही.

दुखापतींचं मात्र उत्तर सोपं नाही. २०२५ची अंतिम मालिका घ्या. ओक्लाहोमा सिटी थंडर ६८-१४, समोर इंडियाना पेसर्स. इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन, ज्याला त्याच वसंतात खुद्द खेळाडूंच्याच निनावी मतदानात ‘नको तेवढा डोक्यावर घेतलेला’ ठरवलं गेलं होतं, त्याने पहिल्या सामन्यात ०.३ सेकंद बाकी असताना फटका टाकला आणि इंडियाना १११-११० जिंकलं. अख्ख्या सामन्यात इंडियाना पहिल्यांदा पुढे गेलं ते तेव्हा. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. हॅलिबर्टनची पोटरी आधीच दुखावलेली, तरी तो उतरला, पहिल्याच सत्रात तीन थ्री टाकले आणि टाचेचा स्नायुबंध तुटून खाली बसला. मध्यंतराला इंडियाना एका गुणाने पुढे होतं, शेवटी थंडर १०३-९१ जिंकले. थंडर सरस होते असं मला वाटतं. तो उभा राहिला असता तर निकाल हाच लागला असता, असं मात्र मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

रेफरींचं भांडण थोडक्यात उरकतो, कारण त्याला अंत नाही. त्यातलं सगळ्यात जुनं दुखणं सॅक्रामेंटो किंग्जचं. २००२, पश्चिम विभागाची अंतिम मालिका, सहावा सामना. लेकर्सना एकट्या चौथ्या सत्रात २७ फ्री थ्रो मिळाले आणि ते १०६-१०२ जिंकले. किंग्जचा चाहता हा आकडा झोपेतही सांगेल. पण सातवा सामना घरच्या कोर्टवर होता आणि त्यात किंग्जनी स्वतःचे ३० पैकी १४ फ्री थ्रो हुकवले, हे तो सहसा सांगत नाही. तो सामना जादा वेळेत गेला होता. याच किंग्जचे २०१३पासूनचे मालक म्हणजे मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले त्यात किंग्ज आणि पेसर्सच होते. सलग १६ मोसम प्लेऑफविना काढून किंग्ज २०२३ला परतले, आणि पहिल्याच फेरीत घरच्या कोर्टवरच्या सातव्या सामन्यात करीने त्यांच्यावर ५० गुण ओतले. या वेळी मात्र तक्रार करायला रेफरी नव्हता.

अंगठ्यांचा हिशेब

मग येतो मायकल जॉर्डन विरुद्ध लेब्रॉन. जॉर्डन अंतिम मालिकांत ६-०, लेब्रॉन ४-६. वाद संपला, असं जॉर्डनवाल्यांना वाटतं. या युक्तिवादात एक मजेशीर भोक आहे. जॉर्डन पहिल्या तीन मोसमांत पहिल्याच फेरीत बाहेर गेला आणि पुढची तीन वर्षं डेट्रॉइट पिस्टन्सनी त्याला अडवलं. ते पराभव ६-०मध्ये धरले जात नाहीत, कारण तो अंतिम फेरीत पोचलाच नव्हता. लेब्रॉन २००७ला एक साधासा संघ ओढत अंतिम फेरीत नेऊन हरला, तर ते त्याच्या खात्यात नावे. म्हणजे लवकर हरणं हे उशिरा हरण्यापेक्षा चांगलं! अंगठ्याच मोजायच्या तर रॉबर्ट हॉरीकडे सात आहेत, जॉर्डनपेक्षा एक जास्त, आणि हॉरी जॉर्डनहून मोठा असं हॉरीच्या घरचेही म्हणणार नाहीत. तरी माझं स्वतःचं मत जॉर्डनच्याच बाजूने आहे. कारण ६-० नव्हे, तर शिकागो बुल्सकडच्या त्याच्या शेवटच्या सहा पूर्ण मोसमांत समोरच्या कुठल्याही प्रशिक्षकाला त्याच्यावर राज्य ठेवायला जागा सापडली नाही, ना आक्रमणात, ना बचावात. लेब्रॉनमध्ये २०११ला ती सापडली होती.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि तो रटाळ वाटला तरी आजकालची अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात. पूर्वी श्रीमंत मालक पगाराची ठरलेली पातळी ओलांडून, दंडाचा कर भरून कितीही महागडा संघ बांधू शकायचा. सातवा-आठवा गडी कच्चा असेल तर विकत आणला, संपला विषय. २०२३च्या करारानंतर पगाराच्या बेरजेवर ‘दुसरा एप्रन’ नावाची रेषा आली. ती ओलांडली की नुसता कर भरून सुटका नाही. अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र करता येत नाहीत, बाहेरचा खेळाडू घ्यायची एक मोठी सवलत जाते, भविष्यातल्या ड्राफ्टच्या, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक वाटपातल्या, निवडीही गोठतात. म्हणजे उणीव दिसत असूनही ती बुजवायची हत्यारंच काढून घेतली जातात. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगवेगळे विजेते झाले. सगळं श्रेय या नियमाचं नाही, तो तर मधेच आला, पण एकाच संघाने वर्षानुवर्षं राज्य करणं त्यामुळे आणखी अवघड झालंय हे नक्की.

बोस्टन सेल्टिक्सचंच पाहा. २०२४ला ६४ सामने जिंकून, डॅलसला ४-१ लोळवून अठरावा करंडक. त्या संघात कच्चं लिंबू शोधूनही सापडत नव्हतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या फेरीत न्यू यॉर्कविरुद्ध पहिल्या दोन सामन्यांत वीस-वीस गुणांच्या आघाड्या घालवल्या, चौथ्यात जेसन टेटमच्या टाचेचा स्नायुबंध तुटला, आणि त्या उन्हाळ्यात रेषेखाली येण्यासाठी ड्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस दोघांनाही दुसऱ्या संघांकडे पाठवावं लागलं. मालक कंजूष की नियम जाचक, यावर बोस्टनमध्ये तेव्हापासून जुंपली आहे. कोपऱ्यातून कोणाचे किती टक्के थ्री पडतात याच्या जोडीला तिथल्या चाहत्याला आता आपला संघ दुसऱ्या एप्रनच्या किती लाख डॉलर खाली आहे, हेही तोंडपाठ ठेवावं लागतं.